खंडेनवमीचा पाहुणा

एका जंगलात, मुलांनो, अस्वलांची मधाची कंपनी होती. कोणत्या झाडावर पोळं आहे आणि ते कधी भरतं, ही सारी माहिती एका कॉम्प्युटरमध्ये साठवलेली होती. कंपनी म्हणजे खरं तर ती माहितीच. बाकी होती ती अस्वलं, आणि अस्वलं काय, कुठल्याही जंगलात मिळतात.

म्हणून मालक भालबाशेठ यांनी बंदोबस्त चोख ठेवला होता. कुंपणाला काटेरी तार, दाराला पंजा ओळखणारं यंत्र, आणि कॉम्प्युटरला एवढा लांब पासवर्ड, की तो टाकता टाकता शेठना डुलकी लागे. फाटकावर तुळोजी नावाचं साळिंदर होतं. तुळोजीला चार पिल्लं होती आणि ही एकच नोकरी. पास पाहिल्याशिवाय तो कोणालाही आत सोडत नसे, शेठच्या मेहुण्यालाही नाही. त्यामुळे कंपनीत तो कोणाला फारसा आवडत नसे.

मग आली खंडेनवमी, अवजारांच्या आणि यंत्रांच्या पूजेचा दिवस. कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. पण पडदा काळाच होता. झोपलेल्या देवाची कधी पूजा करतात का, असं म्हणून शेठनी पासवर्ड टाकला आणि त्याला जागं केलं. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

प्रसादाला सगळं जंगल बोलावलं होतं. त्यात पलीकडच्या डोंगरावरचं एक उदमांजर आलं. हातात पेढ्यांचा पुडा होता. तुळोजीने पास मागितला. उदमांजराचे डोळे भरून आले. तेवढ्यात शेठ तिथे पोचले आणि त्यांनी तुळोजीला चारचौघांत झापलं. सणासुदीला दारी आलेल्याला ‘तू कोण’ म्हणून विचारायची आपल्यात रीत नाही, असं ते म्हणाले. पंजा ओळखणारं दार त्यांनी पाहुण्यासाठी स्वतः धरून ठेवलं.

उदमांजर यंत्रासमोर हात जोडून बसलं. बाकीचे पंगतीला गेले. खिडकीतून तुळोजीला दिसलं, की आता पाहुण्याची बोटं कीबोर्डवर भराभर चालली आहेत. तो धावत पंगतीत गेला.

"शेठ, तो आपल्या झाडांची माहिती उतरवून घेतोय. यंत्र बंद करा."

"पूजेतलं यंत्र? आज त्याला हात लावायचा नाही, तुळोजी."

"तो लावतोय ना."

"तो पाहुणा आहे," शेठ म्हणाले. "अरे, याला कोणीतरी जिलबी वाढा."

दसऱ्याला एकाही झाडावर मध उरला नव्हता. पलीकडच्या डोंगरावर मात्र दिवाळी सुरू झाली होती.

मग चौकशी समिती बसली. तार तुटलेली नव्हती. दार फोडलेलं नव्हतं. पासवर्ड तर खुद्द मालकांनी टाकला होता. म्हणजे परवानगीशिवाय आत कोणी शिरलंच नव्हतं. त्या दिवशी गैर असं एकच घडलं होतं, फाटकावर पाहुण्याचा अपमान. तुळोजीला कामावरून काढलं. मला त्या समितीचा फार राग आला, पण मला विचारतो कोण.

अस्वलांनी रान पालथं घालून नवी पोळी शोधली. त्यांची माहिती पुन्हा कॉम्प्युटरमध्ये भरली आणि दाराला आणखी कडक यंत्र बसवलं.

पुढे एकदा तुळोजीला रस्त्यात तेच उदमांजर दिसलं. शेठच्या वाढदिवसाचा केक घेऊन ते कंपनीकडे निघालं होतं. काढून टाकल्याचं दुःख विसरून तुळोजी आडवाटेने धावत सुटला. पण पोचेपर्यंत ते आत गेलं होतं. त्याने दाराला पंजा लावला. दाराने ओळख दिली नाही. घंटा वाजली, शिपाई धावले, आणि सगळ्यांनी मिळून त्याला कुंपणाबाहेर फेकून दिलं.

"पैसे वसूल झाले," शेठ म्हणाले, आणि उदमांजराने भरवलेला केकचा तुकडा त्यांनी प्रेमाने खाल्ला.

तात्पर्य: मुलांनो, दाराचं कुलूप भक्कमच असावं. चोरासाठी ते लागत नाही, चोराला आपण बोलावतोच. ज्याने चोर ओळखला, तो पुन्हा आत येऊ नये म्हणून ते लागतं.