सात तोंडांचा हब आणि सासऱ्यांचा कूलर

काँप्युटरच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! वायरींचं माझ्याएवढं ज्ञान अख्ख्या नागपुरात कुणाला नाही, असं मी बायकोला, मेघाला, नेहमी सांगतो. ती ऐकते आणि भाजी चिरत राहते.

तर, सासऱ्यांचा पहिला स्मृतिदिन होता, त्यांच्याच घरी. सासूबाईंची एकच मागणी. "जवाईबापू, मले त्याईचा आवाज ऐकू द्या."

घरचे व्हिडिओ दोन जुन्या हार्ड डिस्कवर होते. "हात्तिच्या!" मी म्हणालो. पत्त्यांच्या जोडाएवढा एक काँप्युटर मी हौसेनं घेतला होता. तो टीव्हीला लावला, त्याला दोन्ही डिस्क जोडल्या. टक-टक-टक, बंद! एवढ्याशा जिवात दोघींना पुरेल इतकी वीज कुठली? एका वाटी वरणात दोन जवाई जेवायला बसवले होते मी!

तडक सीताबर्डीचा बाजार गाठला आणि सात वायरी खोचता येतील असा सात तोंडांचा यूएसबी हब आणला. निळे दिवे, काय तो रुबाब! येऊन लावला. पुन्हा टक-टक.

"याले वेगळा अ‍ॅडॉप्टर काहून नाही?" मेघानं विचारलं. "तोंडं सात केली तुम्ही, जेवण वाढवलं काय?"

पाहुणे यायला निघाले होते! पुन्हा उन्हात धाव, या वेळी अ‍ॅडॉप्टरवाला हब. पण तो अ‍ॅडॉप्टर असा लठ्ठ, की एक्स्टेन्शन बोर्डवर बसताच त्यानं शेजारची जागाही झाकली. त्या जागेवर कूलरचा प्लग होता, बाकीच्या टीव्हीनं आणि काँप्युटरनं अडवलेल्या. तो मी काढला.

"मे महिन्यात कूलर काढून राहिले?" मेघा किंचाळली. "लोकं मरतीन नं!"

खोली भरली. येणारा प्रत्येक जण घाम पुसत आधी कूलरचं बटण दाबी, मग प्लग शोधायला वाके. "हात नका लावू!" मी ओरडून ओरडून घसा बसवला. सासूबाई मात्र टीव्हीसमोर गुपचूप बसल्या होत्या, पदर सावरून. माझ्याच्यानं ते बघवेना. हे आता लागलंच पाहिजे!

आणि लागलं! पडद्यावर सासरे, बनियनवर, याच खोलीत. 

"प्रेमिला," सासरे गरजले, "कूलर लाव वं! जीव जाऊन राहिला!"

"हो हो, लावतो!" सासूबाई ताडकन उठल्या. मला कळायच्या आत अ‍ॅडॉप्टर उपटला आणि कूलरचा प्लग खुपसला. पडद्यावर सासरे तोंड उघडं ठेवून थिजले. कूलर घरघरू लागला.

 मग सासूबाईच हसल्या, डोळे पुसत. "पुन्हा लावा जवाईबापू. मले पुरतं ऐकाचं हाये."

कूलर काढला, हब लावला, व्हिडिओ पहिल्यापासून सुरू केला.

"प्रेमिला, कूलर लाव वं!"

सासूबाई उठल्याच! मी दोन्ही हात पसरून प्लगसमोर आडवा झालो.

"बाजूले व्हा जवाईबापू," त्या कळवळून म्हणाल्या, "ते चिडले का मंग दिवसभर बोलत नाहीत!"

मी बाजूला झालो.