सोपान मिस्त्रींची सही

सोपान मिस्त्री मोशीतल्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून लाकडाचे पक्षी कोरतात, आणि ते सगळे पक्षी परदेशी निघतात. कोतवाल जर्मनीचा, बुलबुल कोरियाचा. माझ्या टीव्हीशेजारी बसलेली साळुंकी ऑस्ट्रियाची आहे. उलटी करून बघितली तर पोटाखाली तसा शिक्काच आहे.

त्याचं असं आहे. चाकणच्या कंपन्यांत बाहेरून यंत्रं येतात ती पाइनच्या खोक्यांत येतात. खोकी फुटतात, लाकूड कुदळवाडीच्या भंगारात जातं आणि तिथून मिस्त्रींकडे येतं. त्या लाकडावर एक शिक्का डागलेला असतो. देशाची दोन अक्षरं, एक नंबर, आणि कीड मरावी म्हणून लाकूड तापवून घेतलंय अशी ग्वाही. दुसरा कोणी कारागीर तेवढा भाग आधी रंध्याने उडवेल. मिस्त्री तो जपतात. फळी अर्धा अर्धा तास फिरवत बसतात, शिक्का नेमका पक्ष्याच्या पोटाखाली यावा म्हणून. स्वतःचं नाव मात्र कुठेच घालत नाहीत.

"ज्याचं लाकूड त्याचा शिक्का," ते म्हणतात. "मी आपला मधला मानूस."

मिस्त्री सत्तरीचे. मूळचे मोशीचेच. त्यांची शेड आणि आमच्या सोसायटीची भिंत यांच्यामध्ये एक शेवग्याचं झाड आहे. शेंगा कोणाच्या, यावर सोसायटीच्या तीन मीटिंगा झाल्या. चौथ्या मीटिंगला मिस्त्री स्वतः आले आणि अध्यक्ष बोलत असताना त्यांची खुर्ची उलटी करायला मागू लागले. विषय तिथेच संपला.

कारण जगाकडे बघायचा त्यांचा एकच कोन आहे, तो म्हणजे खालून. "वरनं काय बगता? खालनं बगा." कोणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत टीपॉयचे पाय छताकडे झालेले असतात. पोळपाट, पाट, देव्हारा, काही सुटत नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला ते हॉलमधल्या सोफ्याखाली शिरले होते. वर मुलगा-मुलगी बसलेली. माझे व्याही मला हळूच म्हणाले, "हे कोण?"

"शेजारी."

"काही पडलंय का त्यांचं?"

तेवढ्यात खालून आवाज आला, "समदं खिळ्यावर हाय. सांधा एक बी न्हाई. पर पोरगा बरा वाटतोय."

विहीणबाईंनी तो आशीर्वाद धरला.

मिस्त्रींची एवढी उठाठेव मी का करतो, हे आमच्याकडे कोणालाच कळत नाही. कुदळवाडीहून लाकूड मी आणून देतो. डोळ्याच्या डॉक्टरकडे मी नेतो. शेडला पंखा मी बसवून दिला. लोक याला चांगुलपणा समजतात आणि मी समजू देतो. एकदा मिस्त्रींनीच विचारलं होतं, "काळेसायेब, तुमाला विलेक्शनला तर हुबं ऱ्हायाचं न्हाई ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी पंखा खालून तपासला. काही सापडलं नाही.

कारण होतं. ते मी अठरा वर्षं कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ते सांगायलाच लिहायला बसलो आहे आणि अजून शेवग्याच्या शेंगांबद्दलच बोलतो आहे.

तर मेघना मॅडम. या पिंपळे सौदागरच्या. त्यांच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन भरतं. माझ्या घरची साळुंकी त्यांनी बघितली आणि मिस्त्रींना एक टेबल द्यायचं ठरवलं. अट एकच, की प्रत्येक पक्ष्यावर कलाकाराची सही पाहिजे.

"काका, सही असली की व्हॅल्यू वाढते," मॅडम फोनवर म्हणाल्या.

"पक्ष्याची का माजी?" मिस्त्रींनी विचारलं.

मग महिनाभर मी सही करायचे एकेक प्रकार घेऊन शेडमध्ये जात राहिलो. आधी लाकूड जाळून लिहायचं विजेचं पेन नेलं. मिस्त्रींनी ते नाकाशी धरलं. "चटके देयाचे? पाखराला? न्हाई जमनार." मग नावाचा रबरी शिक्का करून नेला. "तलाठी हाय का मी?" कधी न पुसणारं काळं पेन नेलं, तर म्हणाले, कुरिअरवाला खोक्यावर लिहितो त्याने. पितळेची चिमुकली पट्टी नेली. त्यांनी ती बुलबुलाच्या पोटाला लावून बघितली आणि बुलबुल पाण्याची मोटर दिसतो म्हणाले. मला ते पटलं, दिसत होता. गोल स्टिकर आणले. दुसऱ्या दिवशी ते मिस्त्रींच्या नातवाच्या वहीवर होते.

"मग पटाशीने नुसतं ‘सो’ कोरा," मी म्हणालो.

"सो म्हंजी कोन? सोनाबाई बी आसंल. सोमनाथ बी आसंल."

"पूर्ण नाव कोरा मग."

"चिमनीच्या पोटावर सोपान बाबुराव? तिला उडाया तर जागा ठिवा."

प्रदर्शनाला आठवडा उरला तेव्हा मॅडम स्वतः शेडमध्ये आल्या. पक्षी उलटेसुलटे करून झाले. मिस्त्रींना त्यांची बघायची पद्धत आवडली असावी, कारण त्यांनी मॅडमना चांगलं स्टूल दिलं.

"काका, आता शेवटचं सांगते. सही नसेल तर ते टेबल मेणबत्तीवाल्यांना जाईल. मला वाईट वाटेल हो. पण तुमची अशी काही खूण नाहीच का?"

मिस्त्री पटाशी पुसत होते. "व्हती की. घासली."

"कोणी?"

"मीच. कंपनीनं घासाय लावली."

इथे थोडं सांगायला हवं. मिस्त्री भोसरीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न-शॉपला होते. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब नमुना लाकडात करतात. तो वाळूत दाबतात, साचा उठतो, त्यात लोखंड ओततात. नमुन्यावर जे असेल ते प्रत्येक नगावर उमटतं. नमुना करणाऱ्याचं नाव मात्र कुठे नसतं, फक्त पार्ट नंबर असतो. मिस्त्री टेम्पोच्या गिअरबॉक्सच्या घरांचे, म्हणजे बाहेरच्या कवचांचे, नमुने करायचे. आणि प्रत्येक नमुन्याच्या आतल्या बाजूला, जिथे काही बसत नाही आणि कोणी बघत नाही अशा कोपऱ्यात, तीन बारीक टिंबं ठेवायचे. ज्वारीच्या दाण्याहून लहान.

"पंधरा वर्सं कुनाला दिसली न्हाईत," मिस्त्री मॅडमना सांगत होते. "मग एका इन्स्पेक्टरला दिसली. रिपोर्ट केला त्यानं. ड्रॉइंगमंदी न्हाई, तवा बेकायदा. समदे नमुने काडून आनले माज्याफुडं, म्हनले घास. आठ दिस घासत व्हतो. मग मला प्याकिंगला टाकला, खोकी ठोकाय."

"कोण होता तो इन्स्पेक्टर?"

"नाव नसतंय त्यात, शिक्का आसतो. सतरा नंबर."

मी स्टीलच्या पेल्यातला चहा पीत होतो. चहा संपला होता, तरी पीत राहिलो.

मॅडमचे डोळे मात्र चमकले. "काका, मग तीच करा ना! तीन टिंबं! किती क्यूट."

"ती आता येत न्हाईत."

"तीन टिंबं येत नाहीत?"

"न्हाई."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी शेवग्याकडे बघितलं. रविवारपर्यंत कळवा, असं सांगून त्या गेल्या.

मिस्त्री तीन तास खपून बुलबुलाच्या शेपटीत अकरा पिसं काढतात. या माणसाला तीन टिंबं येत नाहीत हे मी कोणाच्या तोंडून ऐकलं असतं तर हसलो असतो. मला वाटलं, माझ्या रिपोर्टाने त्यांचा हातच मोडला. त्याच कंपनीच्या इन्स्पेक्शनला मी होतो, पण पॅटर्न-शॉपला आमचं तोंड कधी दिसायचं नाही, शिक्काच दिसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी शेडमध्ये गेलो. शर्ट का घातला ते माहीत नाही.

"मिस्त्री, सतरा नंबरचा शिक्का माझा होता."

ते दगडावर पटाशी घासत होते. घासत राहिले. मग अंगठ्यावर धार बघितली.

"उंची किती लिवली व्हती?"

"काय?"

"टिंबाची. उंची."

"दीड मिलिमीटर."

"एक पॉइंट दोन व्हती. रंगाचा थर धरून मोजली तुमी."

अठरा वर्षं मी ज्या ज्या शिव्यांची तयारी ठेवली होती, त्यांत ही नव्हती. आणि ते खरं होतं. रंग खरवडायला हवा होता.

"का केला रिपोर्ट?"

"मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. माझी नजर किती बारीक आहे ते दाखवायचं होतं."

"दिसली त्यास्नी?"

"दिसली. सहा महिन्यांत बढती मिळाली."

"आन मी आठ वर्सं खोकी ठोकली."

"हो."

त्यांनी पटाशी फडक्यात गुंडाळली. "काळे," ते म्हणाले. सायेब गळालं होतं. "जावा आता."

चार दिवस शेडमधून आवाज आला नाही. शनिवारी दुपारी ते आमच्या दारात उभे राहिले. आत येऊन बसले, टीपॉयला हात लावला नाही. बायको म्हणाली, मिस्त्रींना बरं नाही वाटतं.

"त्या कागदावर नकाशा काडला व्हता?" त्यांनी मला विचारलं.

"होता."

"टिंबांचा? अंतरं घालून?"

"हो. तिन्ही अंतरं."

 मिस्त्री माझ्या बायकोकडे बघून बोलू लागले, माझ्याकडे नाही.

"आमच्या हौसाच्या हनुवटीवर गोंदान व्हतं. तीन टिंबं. वर एक, खाली दोन. तेच घातलं व्हतं मी. माजं नाव कशाला घालू? तिला वाचाया येत नव्हतं. टिंबं कळायची. आळंदी रोडला टेम्पो गेला की इचारायची, ह्यात हाय का वं मी? मी म्हनायचो हाय. घासल्यावर बी हायच म्हनत ऱ्हायलो. कशाला सांगायचं."

मिस्त्रींच्या बायकोला, हौसाबाईंना, जाऊन तीन वर्षं झाली. शेवग्याच्या शेंगा त्या भिंतीवरून आमच्याकडे टाकायच्या. हनुवटीवरची टिंबं मी शंभर वेळा बघितली असतील. गिअरबॉक्सवर बघितली तीही हीच, हे मला, बारीक नजरेच्या माणसाला, कधी दिसलं नाही.

"मग आता काढा की," बायको म्हणाली.

"डोळ्याफुडं दिसत्यात वैनी, पर मापात येत न्हाईत. लग्नातल्या फोटूत त्या स्टुडिओवाल्यानं डाग समजून पुसली. आधार कार्डावर तर ती हाय का मी हाय त्येच कळत न्हाई. आन अंदाजानं कशी घालू? कुनाचं तरी त्वांड हाय ते."

मी उठलो. कपाटातल्या लॉकरमध्ये घराचे कागद आहेत. त्यांच्या खाली माझं बढतीचं पत्र आहे आणि त्याला टाचलेली त्या रिपोर्टाची प्रत. बायकोने ती पहिल्यांदाच बघितली. वर लिहिलं होतं, अनधिकृत उंचवटे, नग तीन. खाली नकाशा, बाण, आकडे, आणि सतरा नंबरचा शिक्का.

मिस्त्रींनी चष्मा लावला. कागद बराच वेळ डोळ्यांजवळ धरून बसले. नंतर खिशातून पेन्सिल काढली.

"वतलेल्या नगावरनं घेतलं का लाकडावरनं?"

"ओतलेल्या नगावरून."

"मग शंभराला एक वाढवाय पायजे. लोखंड गार झालं की आवळतंय." त्यांनी माझ्या प्रत्येक आकड्याशेजारी आपला आकडा लिहिला, दोन दशांशांपर्यंत. खालच्या दोन टिंबांपाशी पेन्सिल थांबली. "हे जरा ज्यादा येतंय."

"ते तरी मी नीट मोजलं होतं, मिस्त्री. दोनदा मोजलं होतं."

"तुमचं बराबर हाय. मीच तसं घातलं व्हतं." त्यांनी चष्मा काढला. "तिच्या हनुवटीला माप घ्याया व्हर्नियर लावला तवा सारकी हसत व्हती. गप बस म्हनलं तर आनकीनच हसायची. टिंबं फाकली, ती तशीच घेतली."

"मग दुरुस्त करून घ्यायचं का?"

"कशाला?" मिस्त्री म्हणाले आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.