लिलावातले सुहासराव

समस्त क्लोनडॉकिनवासी मराठी बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमचे शेजारी सुहासराव लिमये पुन्हा लिलावात उतरले आहेत. ज्यांच्या कपाटात रिकामी जागा असेल, त्यांनी ती ताबडतोब भरून टाकावी.

आम्ही भरली नाही, आणि फसलो. सुहासराव औषधांच्या कारखान्यात पाळीवर असले की पार्सल आमच्याकडे येतं. आयरिश पोस्टमन दारात उभा राहून सुस्कारा टाकतो, "फॉर युअर मॅन, अगेन." 'युअर मॅन' म्हणजे इकडे नवरा नव्हे, 'तो तुमचा बुवा'. लॉकडाऊन लागल्यापासून चार खोकी आली. त्यांच्या घरातल्या हीटिंगने लाकूड तडकतं म्हणे, म्हणून वाजवून झाली की ती परत आमच्याच प्रेसमध्ये; इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. आमचं घर पुरेसं गार आहे, असं त्यांचं मत आहे.

प्रत्येक खोक्यात एकच वस्तू: केजन अकॉर्डियन. अमेरिकेत लुइझियाना नावाचा दलदलीचा मुलूख आहे, तिथली माणसं नाचगाण्यांत वाजवतात ते. दहा बटणांचं, कुणीतरी घरामागच्या शेडमध्ये हाताने घडवलेलं. सुहासराव मूळचे पेटीवाले. पहिलं आलं तेव्हा त्यांनी ते मांडीवर आडवं घेतलं आणि डाव्या हाताने भाता मारायला लागले. पलीकडच्या आयरिश आजी चौकशीला आल्या, कुत्रं बरं आहे ना म्हणून. एकाच बटणावर भाता दाबला की सा आणि ओढला की रे, हे उमगायला आठवडा गेला. शिवाय कोमल स्वर नाहीतच. म्हणजे भूप निघतो, भैरवी नाही. त्यामुळे मैफल संपायचं नाव घेत नाही.

पण वाजवणं परवडलं. खरा छळ खरेदीचा. ऑनलाइन लिलावात लोक फोटो बघून बोली लावतात. सुहासराव आधी "जरा चौकशी" करतात. तीही मुलीला स्थळ बघितल्यासारखी. विकणाऱ्याला लिहितात, मूळ गाव कुठलं? घरात वाजवायचं कोण? मुलं काय करतात? एकाला तर विचारलं, जेवण झालं का? त्याचं उत्तर आलं की, जेवणाचा किमतीशी काही संबंध नाही.

एवढं करून जिंकले, तर पेढे दूरच, चेहरा पडलेला. वस्तू निघाल्याचा निरोप आला की तिकडचा माणूस गप्प. मग दोन-चार दिवसांत नवी चौकशी सुरू. एकदा मी वैतागून म्हटलं, "सुहासराव, एवढ्या चौकशीत लग्न जमलं असतं." तर म्हणाले, "वहिनी, तिथेही चौकशीच करत राहिलो."

पाचव्या खेपेला विकणारी एक म्हातारी बाई निघाली. नवऱ्याने मरण्यापूर्वी घडवलेलं शेवटचं अकॉर्डियन. सुहासरावांनी रिवाजाप्रमाणे जेवणाचं विचारलं, आणि बाईंनी चक्क काय जेवल्या ते सविस्तर लिहिलं. मग रोजच. त्यांचा गुडघा, त्यांच्या कोंबड्या, नवरा लाकडाला कान लावून कसा बसायचा ते. एके दिवशी त्यांनी उलट विचारलं, तुम्ही काय जेवलात? तेव्हापासून टोस्टवर जगणारा हा माणूस वरण-भाताचा कुकर लावायला लागला. उत्तर यायच्या वेळेला दाढी करून, भांग पाडून दोन परसांमधल्या भिंतीपाशी हजर, आम्हाला वाचून दाखवायला. हे अकॉर्डियन हातचं जाऊ नये, असं आता आम्हा नवराबायकोलाही वाटायला लागलं. प्रेसमध्ये जागा मीच केली.

लिलाव रविवारी दुपारी संपणार होता. लॅपटॉप भिंतीवर, पलीकडे सुहासराव, अलीकडे आम्ही. कुणीतरी वरची बोली लावली. सुहासराव बटणावर बोट धरून नुसते उभे. नवरा म्हणाला दाबा, मी म्हटलं दाबा. वेळ संपत आली तरी हे ढिम्म. शेवटी माझा संयम सुटला. दोन मीटरचा नियम मोडून मी भिंतीवरून वाकले आणि बटण दाबलं.

जिंकलो. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी अभिनंदन करायला मान वर केली, तर सुहासराव बाईंचा शेवटचा निरोप पुन्हा वाचत होते.

"वहिनी," ते बोलून गेले, "आता उद्यापासून त्यांना विचारू तरी काय?"