जलगडाचे सात संदेश आणि दोन फोनांचा मुकाबला

श्रीगजवदनास नमन, शारदेस नमन, आणि पाहणे व वाचणे यांतील भेद जाणणाऱ्या थोडक्या सज्जनांस निराळे नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सरी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीपासून जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहितो.

राज्यास पूर्वी अकरा किल्ले, ते जातां जातां एक जलगड उरला, आणि त्यावर नागोजी वाघमोडे किल्लेदार, त्यांचे कुटुंब रायाबाई व साठ माणूस. पायथ्याशी गनीम बसला, आणि तशांत पाण्याचे टाके फुटले व पाणी तीन दिवसांचे राहिले. कायदा ऐसा कीं हुकुमावांचून जो गड उतरेल त्याचे शिर जावे. मग नागोजींनी महाराजांस फोनावर संदेश धाडिला कीं कुमक द्यावी, नाहीतर उतरण्याचा हुकूम द्यावा.

त्या समयी दरबारी थोर मसलत चालली होती कीं राज्याने कोणत्या जातीचा फोन बाळगावा. एक जात एकदरवाजी: प्रत्येक अ‍ॅप फोन घडविणाऱ्याचे चौकीवर झडती देऊन आंत येई, सर्व नीटनेटके, आणि मालकास त्याचेच घरीं पाहुण्याप्रमाणे वागविले जाई. दुसरी बहुदरवाजी: वाटेल तेथून अ‍ॅप आणावे, वाटेल तैसे रंगवावे, आणि सेटिंग शोधतां शोधतां मूळ काम विसरावे. पहिलीचे कैवारी त्रिंबकपंत डबीर, दुसरीचे सटवाजी सरनोबत. दोघेही विद्वान, म्हणजे दोघांसही दुसऱ्याचा फोन हातीं धरणे ठाऊक नव्हते.

सरनोबत बोलिले, “पंत, तुमचे फोनांत मागे कसे जावे?”

“कडेवरून बोट सरकवावे.”

“आणि नाही गेले तर?”

“तर वरचे कोपऱ्यांत बाण शोधावा. तोही अ‍ॅपचे मर्जीवर.”

“वाहवा! म्हणजे माघार घेण्यासही परवाना लागतो!”

“आणि तुमचा फोन, सरनोबत? काही उघडूं जावे तो पुसतो, कशांत उघडूं, एकदाच कीं नेहमी? रणांत तलवार ऐसे पुसूं लागली म्हणजे समजेल!”

महाराज खदखदां हांसले, आणि पहिला दिवस गेला. दुसरे दिवशी तसबिरी इकडून तिकडे धाडून पाहिल्या, त्यांत महाराजांची मिशी वाटेंत पुसट जाहली, त्यावर दोन प्रहर वाद जाहला. परमुलखीच्या पातशाहीने दरडाविल्यापासून दोहोंचे चार्जर एकच जाहले होते, परंतु ही गोष्ट कोणीही काढीना. जलगडाहून या दोन दिवसांत आणखी पांच संदेश आले.

आतां ते कोणी कां वाचिले नाहीत, तर दरबारची रीत ऐसी कीं संदेश उघडिला म्हणजे दोन निळ्या खुणा होतात, आणि निळ्या खुणा जाहल्या कीं त्याच दिवशी उत्तर देणे प्राप्त होते. यास्तव संदेश बाहेरूनच पाहावा, उघडूं नये. आणि दुसरी रीत ऐसी कीं महाराजांस लिहितांना संपूर्ण बिरुदावळी आधी, मजकूर मागाहून.

तिसरे दिवशी नागोजींचा सातवा संदेश चौरंगावर मांडिलेल्या महाराजांचे दोन्ही फोनांवर एकदमच आला. त्रिंबकपंत म्हणाले, “यावरूनच पाहूं, बाहेरून कोणास किती दिसते.” एकदरवाजीवर दिसले, “श्रीमंत राजश्री क्षत्रियकुलावतंस सिंहासनाधीश्वर”, आणि पुढे टिंबे. बहुदरवाजीवर दोन ओळी अधिक, “महाराजसाहेबांचे सेवेसी नागोजीचा दंडवत, विज्ञापना ऐसीजे कीं”, आणि मग टिंबे.

“जिंकलों!” ऐसे सरनोबत गर्जले, आणि साखर वांटिली.

गडावर पाण्याचा थेंब उरला नाही. रायाबाई म्हणाल्या, “धनी, तुमचे शिर एक, सुकलेली तोंडे साठ. उतरा खालीं.” मग नागोजींनी गनिमाकडून अभयाचा कौल घेतला, गड दिला, साठही माणूस सुखरूप उतरविले, आणि उभयतां दरबारी येऊन नागोजींनी मान पुढे केली.

महाराज म्हणाले, “हुकुमावांचून उतरलांत?”

रायाबाई म्हणाल्या, “सात वेळां पुसिले, महाराज.”

“आम्ही पाहिले.”

“उघडिले का?”

सरनोबतांचा हात चौरंगावरील फोनाकडे गेला, तो पंतांनी मनगट धरिले. “उघडूं नका! खुणा निळ्या होतील!”

तों रायाबाईंनी पुढे होऊन आपलेच बोटाने संदेश उघडिला. सातांवरही खुणा निळ्या जाहल्या. “आतां उत्तर आजच देणे आले,” त्या म्हणाल्या. “रीत तुमचीच.”

महाराजांस इलाज राहिला नाही. उतरण्याचा हुकूम, बिरुदावळीसहित, लिहवून धाडिला. तीन हातांवर उभ्या नागोजींचा फोन वाजला. नागोजी बाहेरूनच पाहूं लागले. त्यांस महाराजांचीच बिरुदे दिसली, आणि पुढे टिंबे.

“उघडा हो,” रायाबाई म्हणाल्या. “आपण दरबारी नव्हे.”

एवंच शिर वांचले, गड गेला. दोन्ही फोन उत्तम चालत आहेत. त्यांत श्रेष्ठ कोणता, याचा निवाडा करण्यास दरबार बसला आहे, आणि आतां त्यास दुसरे कामही उरले नाही. लेखनसीमा.