सिद्रामअण्णांचा हट्टी आकडा

सिद्रामअण्णा माणसाला नावानं ओळखत नाहीत, गाडीच्या नंबरानं ओळखतात. सकाळी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या आमच्या टॉवेल कारखान्याच्या फाटकात ते उभे असतात. मोटारसायकल आत शिरली की तिच्या नंबराला कशाकशानं भाग जातो ते सांगून मोकळे. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "तुझ्या गाडीला तेरानं भाग जातो, सतरानंबी जातो. लई मिळूनमिसळून ऱ्हाणारा दिसतोस."

अण्णा आमचे जॉबर. बिघडलेला माग दुरुस्त करून चालू करायचा, हे काम ते चाळीस वर्षं करतायत. शाळा सातवीत सुटली. मग आकड्यांचा नाद कुठून लागला, असं विचारलं तर म्हणाले, मागांच्या खडखडाटात बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, तेवढा वेळ डोक्यानं करायचं काय?

ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, तिला पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. अण्णा म्हणतात, हट्टी आकडा. मॅनेजरसाहेबांच्या नव्या बुलेटचा नंबर हट्टी निघाला, तेव्हा अण्णांनी कडक सलाम ठोकला. साहेबांना वाटलं, सुट्टी हवी असणार. त्यांनी न मागता दोन दिवस दिले.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा माझ्या टेबलाशी आले. बगलेत खोक्यांचे पुठ्ठे, दोन्ही बाजूंनी भागाकारांनी भरलेले. तीन वर्षांचं काम. वरच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं होतं: ७३९३९१३३. हट्टी. शेवटचा तीन त्यांनी अंगठ्यानं झाकला. उरलं ७३९३९१३, तेही हट्टी. असं मागून एकेक झाकत नुसत्या सातापर्यंत आले, तरी मधला एकही वाकला नाही. आणि पुढं नववा आकडा जोडून असा हट्टी करायला जावं, तर कुठलाच चालत नाही.

"ह्याच्यापरीस मोठा असला आकडाच न्हाय," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "मी शोधला."

कौतुकानं मी तो आकडा मोबाईलवर शोधला. जगाला तो आधीच ठाऊक होता. त्याच्यावर अख्खं पान होतं.

सांगावं की नको, कळेना. अण्णांनी घरात आकड्याचं काही काढलं की मुलगा टीव्हीचा आवाज वाढवतो आणि सून आत जाते, हे मी पाहिलं होतं. पण त्यांनी माझा चेहरा वाचला. शेवटी सांगून टाकलं, की हे कुणीतरी आधीच शोधलंय.

अण्णांनी मोबाईल मागून घेतला. पान इंग्रजीत, एक अक्षर कळेना. ते फक्त आकड्यांवरून बोट फिरवत राहिले, आणि हळूहळू हसायला लागले. इतकं मोकळं हसताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे हे याड मला एकट्यालाच न्हाय की," ते म्हणाले. मग त्या माणसाचं गाव विचारलं. मला माहीत नव्हतं. लांबचा असेल, परदेशातला, असं मी म्हटलं.

"असू दे की लांब. निरोप धाडता आला तर बघ. सोलापुरात आनखी एक जण हाय म्हणावं."