आई डावीकडे की उजवीकडे?

आईच्या अंत्ययात्रेत भांडण होऊ देणार नाही, असं मी सगळ्या नातेवाइकांना ठणकावून सांगितलं होतं. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं!

माझा थोरला भाऊ डौवे आणि धाकटी बहीण रेन्स्के सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आईच्या पंचाहत्तरीच्या केकवर शुभेच्छांखाली दोघांपैकी कुणाचं नाव आधी लिहायचं, एवढंच कारण! आता दादाला आईचं दफन हवं होतं, रेन्स्केला दहन. आणि आईनं जाताना दोघांनाही सांगून ठेवलेलं, "तू म्हणशील तसं."

मी तोडगा काढला. दादाच्या होडीतून तिघांनीच शवपेटी न्यायची. पाण्यावर माणसं शांत होतात. दोन्हीकडे तयारी करून ठेवायला सांगितलं; वाटेत ठरेल काय ते.

कसलं ठरतंय! कालव्याचा फाटा आला. डावीकडे चर्चमागची दफनभूमी, उजवीकडे दहनगृह.

"डावीकडे!" दादा ओरडला.

"उजवीकडे! तिला संधिवात होता. ओल सोसायची नाही!"

"आणि आग सोसेल? उन्हातसुद्धा बसायची नाही ती!"

दोघांनी एकदमच सुकाणू धरलं. होडी बावचळली आणि फाट्यावरच्या गाळात रुतून बसली. काठावरच्या कॉफीच्या दुकानातली गिऱ्हाइकं खुर्च्या वळवून बघायला लागली. एका आजोबांनी टोपी काढून पेटीला मान दिला, टोपी घातली आणि पुन्हा केक खायला घेतला.

"बास!" मी ओरडले. कोट काढला, बूट काढले आणि टाकली उडी! मार्चमधलं पाणी, छातीपर्यंत! दातांची टाइपरायटरसारखी टकटक सुरू झाली, पण मी खांदा लावला. होडी सुटली आणि वाऱ्यानं डावीकडे वळली.

"राहू दे, दादा," रेन्स्के म्हणाली. "जाऊ दे तिला डावीकडे."

दादाला हुंदका फुटला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडली. सहा वर्षांनी! चिखलात उभी राहून मीही रडले. मग लक्षात आलं, होडी थांबत नाहीये!

"अरे, मी राहिले!"

पण त्या रडारडीत कुणाला ऐकू जाणार?

त्या आजोबांची सायकल मागून घेऊन, निथळत, अनवाणी मी दफनभूमीत पोचले, तेव्हा आईवर माती पडली होती. दफनानंतर सगळ्यांना देतात ती कॉफीसुद्धा संपली होती.

"आजच्या दिवशी तरी वेळेवर यायचंस," दादा म्हणाला.

"आणि ताई, मध्येच उतरून गेलीस कुठं?" रेन्स्के म्हणाली. "शिवाय हा अवतार!"

आता ती दोघं दर रविवारी एकत्र जेवतात. माझ्याशी मात्र अजून बोलत नाहीत.