नवीनच राहायला आलेले गायकवाड काका

सुमन पवार मावशींवर अन्याय झाला तो गेल्या सोमवारी संध्याकाळी साडेसहाला, सीवूड्समधल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, मावशींच्या डोळ्यांवर काळा चष्मा. ऐन उकाड्यात माकडटोपी घातलेला, घोगऱ्या आवाजाचा एक गृहस्थ पुढे आला. "नमस्कार, मी नवीनच राहायला आलोय." मावशींनी त्याला पाण्याच्या वेळा सांगितल्या, करावे गावात ताजी मासळी कुठे मिळते ते सांगितलं, सेक्रेटरी किती चिकट आहे तेही सांगितलं. अर्ध्या तासाने गृहस्थ हसला. हसू ओळखीचं निघालं.

"गायकवाड भावजी! अहो, माझ्या पोरीच्या लग्नात जिलब्या वाढल्यात तुम्ही! लाज नाही वाटत?"

"निरीक्षण आहे, वहिनी. मनाला लावून घेऊ नका."

हे काकांचं ठरलेलं वाक्य. तिसऱ्या मजल्यावरचे गायकवाड काका प्रयोगशाळेतून रिटायर झालेत. जन्मभर उंदरांचा मनमिळाऊपणा मोजला. तीन खोल्यांची पेटी. मधे उंदीर सोडायचा, एका बाजूला जाळीखाली परका उंदीर, दुसरीकडे नुसतीच जाळी. तो कुठे रमतो ते बघायचं. आता काका सोसायटी तपासतात. कधी गॉगल, कधी गांधी टोपी. बाकीची बिल्डिंग त्यांना टोपीसकट ओळखते आणि लिफ्टमध्ये शिरते. वॉचमन तेवढा ओळखूनही विचारतो, "किसके घर जाना है?" काका खूश!

मी प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध पत्रकं वाटते. इथे तर मुके प्राणी संपून बोलके सुरू झाले होते. तडक वर गेले.

"काका, उंदरांना विचारलं नव्हतंत. मावशींना तरी विचारायचं!"

"बस. चहा टाकतो."

"चहा नको. उंदीर जायचे कुणाकडे?"

"परक्याकडे. मग दुसऱ्या फेरीत रिकाम्या जाळीखाली आणखी एक नवा ठेवायचो. की सगळे त्या नव्याकडे. पहिला, ओळखीचा झालेला, तो जाळीला नाक लावून बसायचा." काकांनी गॅस बारीक केला. "ओळखीच्या गायकवाडला वहिनी जिन्यात 'बरंय ना?' विचारतात आणि मी तोंड उघडायच्या आत दार लावतात. नव्या माणसाशी अर्धा तास बोलल्या गं."

उंदरांना कोंडणं तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. चहा पिऊन सांगितलं. ते दारापर्यंत आले.

"उद्या येशील? अजून भांडायचं राहिलं असेल तर?"

राहिलंय. मी जाणार आहे. आणि तुम्ही, हे वाचणारे, जिन्यात कुणाला 'बरंय ना?' विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत त्याच पायरीवर उभे राहा.